रायवळ आंब्याच्या काड्या गावाहून आणायच्यात, टोकांना मेण लावावं का? (मागच्या वर्षी २४ च्या २४ गेल्या)

बांधावरचा (नाशिक)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण यंदा चुकलं तर पुन्हा चान्स नाहीये.

गावी, संगमेश्वर तालुक्यात, आमच्या गोठ्यामागे एक जुना रायवळ (कोयीपासून वाढलेला गावठी) आंबा आहे. पणजोबांनी लावलेला म्हणतात. घरात सगळे त्याला खोबऱ्या म्हणतात कारण पिकला तरी गर फिकाच आणि चव खरंच ओल्या खोबऱ्याची, गोड आहे पण हापूससारखा जड नाही, पाच-सहा खाल्ले तरी अजून एक घ्यावासा वाटतो. आत्या दर मे महिन्यात त्याच्या रसाची साठं घालायची, ताटांना तुपाचा हात लावून अंगणात वाळत ठेवलेली, आणि आम्ही पोरं काठी घेऊन कावळे हाकायला बसायचो. तर त्या झाडाच्या बुंध्याला भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागलाय, आतून पोकळ झालंय, एक मोठी फांदी गेल्या पावसात पडली ती गोठ्यापासून चार हातांवर. या पावसात गुरं दुसरीकडे बांधलीत आणि दिवाळीनंतर झाड तोडायचं ठरलंय. जीव तुटतो पण घरच्यांचंही बरोबर आहे.

म्हणून मागच्या वर्षी जुलैत जाऊन कलमासाठी २४ काड्या आणल्या. इथे माझ्याकडे पिशव्यांमध्ये रायवळची रोपं आहेत, पण कलमं बांधणारे दादा सहा दिवसांनी येणार होते. मग एका व्हिडिओत बघून टोकांना मेणबत्तीचं मेण लावलं, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. कलमं बांधली, वर प्लॅस्टिक पिशवीच्या टोप्या घातल्या, आणि चार-पाच दिवसात काड्या वरून काळ्या पडायला लागल्या. एकही फुटली नाही. दादा म्हणाले काडीच मेलेली होती, माझ्या हातात काही नव्हतं.

आता विचारायचंय ते असं की टोकं सील करावीत का नुसतंच ओलं ठेवावं, मेण कुठलं, फ्रिज चालतो का, आणि पाच-सहा दिवस काडी टिकते का मुळात? पुढच्या आठवड्यात गावी फोन करून तयारी सुरू करायचीय.

कोयकलम (लांजा)

दादा, आधी तीन गोष्टी सांगा मग बोलू. एक, "टोकांना" मेण लावलं म्हणजे नेमकं कुठल्या? शेंडा पण बुडवला होता का? दोन, पानं कधी काढलीत, काडी कापली त्याच दिवशी की आधी? तीन, मेण वितळवून लगेच बुडवलं का थोडं थांबलात?

द्राक्षकाडी (निफाड)

आमच्याकडे द्राक्षात डॉगरिजवर (खाली खुंट म्हणून लावतात ती जात) ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम करतो तेव्हा काड्या लांबून आणाव्या लागतात, त्यामुळे मेणाबद्दल थोडं सांगू शकतो, आंब्याचं जाणकार सांगतीलच.

काडी म्हणजे आतून बारीक नळ्यांची जुडी असते बघा. झाडावर असताना मुळं खालून पाणी देतात, कापली की पुरवठा बंद पण वरून वाफ होणं चालूच. सालीतून कमी जातं, पण कापलेल्या तोंडातून सरळ जातं कारण तिथे नळ्या उघड्या असतात. म्हणून मेण. काडी जितकी आखूड तितकं टोकाचं सुकणं जास्त भोवतं, कारण दीड-दोन सेंमी टोक वाळलं तर आखूड काडीत उरतं काय.

नुसती मेणबत्ती लावली की थर ठिसूळ होतो, काडी जरा वाकली किंवा एकमेकीवर घासली की टवके उडतात, आणि टवका उडाला की ते तोंड उघडंच. मी चार भाग साधं पॅराफिन (मेणबत्तीचं) मेण आणि एक भाग मधाच्या पोळ्याचं मेण घेतो, पोळ्याच्या मेणाने थराला लवचिकपणा येतो. थेट गॅसवर कधीच वितळवू नका, पेटतं ते. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात स्टीलचा डबा, डब्यात मेण. पॅराफिन ५०-६० अंशाच्या आसपास वितळतं, पोळ्याचं ६२-६४ ला, त्यामुळे उकळत्या पाण्याच्या वाफेत दोन्ही आरामात वितळतात. मग गॅस बंद करून थांबायचं. डब्याच्या कडेला पांढुरकी साय धरायला लागली की काडीचं टोक बुडवून लगेच बाहेर, एक दोन म्हणेपर्यंत सुद्धा ठेवायचं नाही. बरोबर गरम असेल तर थर पातळ आणि काचेसारखा बसतो, आतलं लाकूड दिसतं. पांढरा जाड गोळा बसला तर मेण गार झालंय, तो निखळणार. धूर येत असेल तर फार गरम आहे, टोक भाजणार.

बांधावरचा (नाशिक)

कोयकलम दादा, तुमचे प्रश्न वाचून पोटात गोळा आला. हो, दोन्ही टोकं बुडवली होती, शेंडा पण, व्हिडिओत तसंच होतं. पानं त्याच दिवशी, झाडाखाली बसूनच हाताने ओढून काढली. आणि मेण गॅसवर कढल्यात वितळवून तसंच, धूर येत होता थोडा.

निफाडकर, मेणाचं इतकं सोपं करून कोणी सांगितलंच नव्हतं, मनापासून आभार.

कोयकलम (लांजा)

मग तिथेच घात झाला. बांधणाऱ्या दादांचा काही दोष नाही आणि फ्रिजचाही पहिला नंबर नाही.

आंब्याची सायन काडी (कलमासाठी घेतो ती) शेंड्याची असते. तिला कापलेलं टोक एकच, खालचं. वर जो टपोरा डोळा असतो तोच फुटून तुमचा नवा खोबऱ्या होणार असतो, तो धूर येणाऱ्या मेणात गेला म्हणजे शिजला. तुम्ही बघितलेला व्हिडिओ सफरचंद किंवा अंजिराचा असणार, त्या काड्या मधल्या भागाच्या असतात, वर-खाली दोन्हीकडे कापलेल्या, म्हणून ते दोन्ही टोकं बुडवतात. आंब्यात फक्त बूड बुडवायचं, अर्धा-पाऊण इंच, बस. शेंड्याला मेणाचा वासही नको.

आता पानांचं, आणि माझ्या मते हे मेणापेक्षा मोठं आहे. काडी कापायच्या ८-१० दिवस आधी, काडी झाडावर असतानाच, पानं कात्रीने छाटायची. ओढायची नाहीत. देठ साधारण अर्धा इंच ठेवायचा. पान गेलं की काडीतलं सत्त्व शेंड्याच्या डोळ्याकडे वळतं, डोळा फुगायला लागतो, आणि इकडे देठ पिवळे पडतात. आठव्या-नवव्या दिवशी देठाला नुसतं बोट लावलं की टप्पकन पडतो. तो पडतो कारण झाडाने आतून त्या जागेला बूच मारलेलं असतं, जखम कोरडी असते, चीक येत नाही. तुम्ही त्याच दिवशी पानं ओढलीत म्हणजे एका काडीला दहा-बारा उघड्या जखमा, साल सोलवटलेली ती वेगळीच, आणि मेण लावलं फक्त टोकाला. पाणी तिथून गेलं, बुरशी तिथून आत आली.

काडी निवडताना: फेब्रुवारी-मार्चच्या पालवीची, म्हणजे आता तीन-चार महिन्यांची झालेली. पेन्सिलीएवढी जाड, गोल, हिरवा रंग करडेपणाकडे झुकलेला, वाकवली तर वाकेल पण पिचणार नाही. मोहोर येऊन गेलेली काडी नको. जुन्या झाडात आतल्या बाजूला, सावलीत, लांब आणि बारीक काड्या असतात त्या हाताशी येतात म्हणून लोक घेतात, त्या घेऊ नका, उन्हाच्या बाजूच्याच घ्या, कोणी चढणारा बघा. काळे ठिपके असलेली (करपा असतो तो) एकही नको, पिशवीत एक आजारी काडी बाकीच्यांना खाते. डोळा फुगलेला हवा पण फुटलेला नको, हिरवं टोक बाहेर आलं असेल तर त्या काडीचा नाद सोडा.

लांबी १५ ते १८ सेंमी ठेवा. कलमाला १०-१२ लागते. बुडाचे जास्तीचे सेंमी मेणासाठी आहेत, कलम बांधताना मेणाचं बूड छाटून मगच पाचर तासायची. मेणासकट पाचर तासली आणि मेण खाचेत गेलं तर कलम जुळत नाही.

कापल्यावर चीक येतो. त्या चिकावर मेण धरत नाही, आज लावलं की उद्या टोपीसारखं निघून येतं. म्हणून कापलेल्या काड्या बूड खाली करून सावलीत अर्धा तास उभ्या ठेवा, चीक निथळू द्या, मग सुती कापडाने टिपा. मग कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) एक ग्रॅम एका लिटर पाण्यात, त्यात ५-१० मिनिटं बुडवून काढा आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण कोरड्या होऊ द्या. हातमोजे घाला. मग निफाडकरांनी सांगितलं तसं बुडाला मेण. ओल्या काडीवर मेण लावलं तर थराखाली पाणी अडकतं आणि तिथूनच कुजते.

पावसात काड्या कापू नका. एक दिवस उघडीप मिळाली की कापा.

माडाखाली (दापोली)

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. आमच्या वडिलांनी आयुष्यभर कलमं बांधली, मेण कधी वापरलं नाही. काड्या आणायच्या तर केळीचं सोपट (खोडाचा थर) सोलून घ्यायचं, त्यात काड्या ठेवून दुसरं सोपट वरून, आणि केळीच्याच दोरीने बांधायचं. सोपटाच्या आत बोट घालून बघा, गार लागतं, आणि ओलं असून पाणी गळत नाही. बुडाला फार तर शेणमातीचा गोळा. खेडहून दापोली, दापोलीहून मंडणगड अशा काड्या गेल्या आणि लागल्या. कागद, प्लॅस्टिक, मेण हा खर्च कशाला?

कोयकलम (लांजा)

काका, राग कसला, सोपट मी अजून वापरतो, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तुमच्या वडिलांच्या काड्या सकाळी कापून संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी बांधल्या जायच्या. एक दिवसासाठी मेण लागतच नाही, हे अगदी खरं. ह्यांना नाशिक गाठायचंय आणि पुढे थांबायचंय. सोपट तिसऱ्या दिवशी स्वतः काळं पडून कुजायला लागतं. शेणमाती पण ओली आहे तोवर ठीक, वाळली की भेगा, आणि बंद पिशवीत ओली राहिली की बुरशी. म्हणून प्रवासाला सोपट, आणि घरी पोचल्यावर सोपट काढून कागद, असं दोन्ही करावं.

अंजीरबाग (सासवड)

माझा आंब्याचा अनुभव नाही, अंजिराचा आहे. छाटणीच्या वेळी काड्या ठेवून पुढे रोपं करतो, त्यामुळे सील करायचे प्रकार बरेच करून झालेत.

फेविकॉल: एकदा मेण संपलं म्हणून लावला होता. कोरड्यात छान पारदर्शक बसतो, पण काड्या ओलसर कागदात ठेवल्या की आठवड्यात परत पांढरा आणि मऊ होतो, कागदाला चिकटतो, सोडवताना सालीसकट निघतो. कोरड्या जागी एक-दोन दिवस ठेवायचं असेल तरच.

नेलपॉलिश: माझ्या पुतणीने सुचवलं, चार-पाच काड्यांना लावलं. धरतं चांगलं, पण २००-३०० काड्या असतील तर कोण बसणार लावत. तुमच्या २०-२५ काड्यांना हरकत नाही, तरी मी मेणच सांगेन.

बटाट्यात काडी खुपसून ठेवा असं सगळीकडे फिरत असतं, कृपया ते करू नका, बटाटा कुजला की काडीचं बूड त्यात कुजतं, मी स्वतः वास घेतलाय तो.

अंजिरालाही चीक असतो, पांढरा, त्यामुळे निथळून टिपून मगच मेण हे अगदी बरोबर. आणि आमच्या काड्यांना दोन्ही टोकं कापलेली असल्यामुळे उलटसुलट होण्याची भीती असते, म्हणून खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा काप तिरका. मेण फक्त वरच्या टोकाला, कारण खालून मुळ्या फुटायच्या असतात. महिनाभर ठेवायच्या असतील तर खालीही लावते पण लावणीच्या दिवशी तेवढा तुकडा छाटते. तुम्हाला शेंडा आहे म्हणून उलटसुलटचा प्रश्न नाही, पण हे वाचून कोणी अंजीर-डाळिंबाच्या काड्या ठेवणार असेल तर उपयोग होईल.

कागदाचं एक सांगते. वर्तमानपत्राचं पान भिजवायचं, मग दोन्ही हातांनी घट्ट पिळायचं, इतकं की परत पिळल्यावर थेंब पडता कामा नये. उलगडून त्यात काड्या गुंडाळायच्या. फडकं नको, फडक्यात पाणी फार राहतं. वरून प्लॅस्टिकची पिशवी, तोंड दुमडून रबर, आणि दर दोन दिवसांनी उघडून पाच मिनिटं हवा द्यायची. आतून पिशवीला घाम आलेला दिसला तर कागद जास्त ओला आहे, तो काढून कोरडा लावायचा.

दूरदेशी (न्यू जर्सी)

फ्रिजबद्दल लिहितो कारण तो सल्ला आमच्या बाजूच्या व्हिडिओंमधून येतो. इथे सफरचंद, पेअर, प्लमच्या काड्या फेब्रुवारीत कापतात, झाड तेव्हा झोपलेलं असतं, एकही पान नसतं. त्या काड्या दोन्ही टोकांना मेण लावून फ्रिजमध्ये १ ते ४ अंशावर ठेवतात आणि एप्रिल-मेमध्ये कलम करतात, दोन-अडीच महिने आरामात टिकतात. त्यातही फ्रिजमध्ये पिकलेली सफरचंदं असतील तर ती बाहेर काढावी लागतात, कारण पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि डोळे मरतात.

पण हे सगळं पानगळीच्या झाडांचं. आंबा सदाहरित, त्याची काडी कधी तशी झोपत नाही, आणि त्याला थंडी सोसत नाही. कच्चा आंबा फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवला तर सालीवर करडे काळे डाग पडतात ना, तेच काडीच्या आतल्या हिरव्या थराला होतं. घरच्या फ्रिजमध्ये ४-५ अंश असतं, आंब्याच्या काडीला ते फार थंड. घरातली सगळ्यात गार खोली, जमिनीवर, तेवढंच करा.

(आमच्या आजोळी पण एक गोटी आंबा होता, सुपारीपेक्षा थोडा मोठा, चोखून खायचा. मला कलम काय असतं तेही माहीत नव्हतं तेव्हा तो तुटला. तुम्ही हे करताय ते बघून फार बरं वाटलं, प्लीज शेवटपर्यंत लिहा काय झालं ते.)

कोयकलम (लांजा)

न्यू जर्सीकरांचं शंभर टक्के बरोबर. माठ असतो त्या कोपऱ्यात ठेवा. चार दिवस नीट, पाच-सहा दिवसही जातात, पण रोजच्या रोज लागण्याचं प्रमाण घटत जातं, त्यामुळे बांधणाऱ्या दादांची तारीख आधी पक्की करा आणि मग काड्या कापायचा दिवस ठरवा, उलटं नको. काडी जिवंत आहे का ते बघायचं तर नखाने बुडाजवळ जरासं खरवडा, आत पोपटी आणि ओलसर दिसलं की आहे. तपकिरी दिसलं की गेली.

अजून एक, आणि हे नक्की करा. सगळ्या काड्या नाशिकला नेऊ नका. आठ-दहा कलमं गावातच, कापल्या दिवशीच, बांधून घ्या. आमच्या भागात जून-जुलैत कोयकलमं सगळीकडे चालू असतात, कोय रुजून १०-१५ दिवसांचं तांबूस पानांचं रोप असलं की त्यावर होतं. कोणाही नर्सरीवाल्याला सांगा, जुन्या रायवळसाठी कोणी नाही म्हणत नाही. नाशिकची गेली तरी गावची राहतील.

रत्ना ही आंब्याची जात वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ ला आली, नीलम आणि हापूसचा संकर. तो संकर म्हणजे मुळात एका कोयीचं एक झाड होतं, आज जितकी रत्नाची झाडं आहेत ती सगळी त्या एकाच्या काड्यांची. तुमच्या खोबऱ्याच्या कोयी रुजवून तो खोबऱ्या येणार नाही, काडीनेच येईल. म्हणून एवढं लिहितोय. आणि झाड खरंच वेगळं असेल तर २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो, तेही पुढे बघा, पण आधी काडी जगवा.

बांधावरचा (नाशिक)

अपडेट. दादांची तारीख घेतली, त्यावरून मागे मोजून पानं छाटायचा दिवस काढला. मी इथे, झाड तिथे, म्हणून चुलतभाऊ चढला आणि खाली आत्या व्हिडिओ कॉलवर. आत्या बहात्तर वर्षांची आहे, तिला झाडाची एकेक फांदी पाठ. भाऊ आतल्या काडीला हात लावायला गेला की खालून ओरडायची, "ती नको रे, ती उपाशी आहे, पलीकडची घे." सावलीतली बारीक काडी म्हणजे उपाशी काडी, हे मी लिहून ठेवलंय. ३४ काड्यांची पानं छाटली आणि प्रत्येकीला लाल लोकरीचा धागा बांधला, नाहीतर आठ दिवसांनी शोधणार कशा.

काल नवव्या दिवशी मी गावात पोचलो. सकाळी उघडीप होती. काडीला हात लावला आणि देठ खरंच नुसत्या स्पर्शाने पडले, टप टप टप, खाली एक थेंब चीक नाही. मागच्या वर्षी ओढून काढताना हात चिकाने काळे झाले होते ते आठवलं. ३४ पैकी चार फुटून गेल्या होत्या, चारांवर काळे ठिपके, त्या आठ सोडल्या. २६ घेतल्या.

दहा काड्या गावातल्याच एका काकांनी दुपारी कोयरोपांवर बांधल्या. उरलेल्या १६ ला निथळून, टिपून, औषधातून काढून, पंख्याखाली दोन तास सुकवून मेण लावलं. आत्याच्या चुलीवर पातेलं, त्यात डबा, चार भाग मेणबत्ती, एक भाग महाबळेश्वरहून आणलेलं पोळ्याचं मेण. साय धरेपर्यंत थांबलो. पहिल्या दोन काड्यांना घाईत जाड पांढरा थर बसला, मेण गार झालं होतं, परत डबा ठेवला. मग मात्र काचेसारखा बसला, आतल्या लाकडाचा गोल दिसतो, मध्ये बारीक पांढरा ठिपका. फार सुंदर दिसतं ते.

सोपट परसातल्या केळीचं. माडाखाली काका, तुम्ही सांगितलंत तसंच केळीच्या दोरीने बांधलं, आत्या म्हणाली आमचे वडील असंच न्यायचे. गाडीत डिकीत नाही ठेवलं, मांडीवर घेऊन आलो. आता सोपट काढून पिळलेल्या कागदात, माठामागे ठेवल्यात. परवा दादा येणार.

द्राक्षकाडी (निफाड)

वा! त्या दोन जाड थरवाल्या काड्यांवर खूण करून ठेवा, बांधताना नख लावून बघा.

बांधावरचा (नाशिक)

मंडळी, कलमं बांधून आज २६ दिवस झाले.

आधी बांधायच्या दिवसाचं सांगतो. चौथ्या दिवशी कागद उघडला, काड्या तशाच टवटवीत, डोळे थोडे अजून फुगलेले. दादांनी पहिल्या काडीचं मेणाचं बूड छाटलं आणि काप मला दाखवला, कडेला पोपटी रेघ, मध्ये पांढरं, बोटाला ओल लागली. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि पाचर तासायला घेतली. निफाडकर, तुमचा अंदाज बरोबर, जाड थरवाल्या दोन काड्यांमधल्या एकीचं मेण निखळलं होतं आणि बूड एक इंच तपकिरी झालं होतं. दुसरी ठीक होती. तपकिरी भाग छाटून पहिलीही बांधली कारण लांबी शिल्लक होती, १८ सेंमी ठेवायला सांगितलं त्याचा फायदा तिथे झाला, पण ती लागली नाही.

दादांनी पट्टी गुंडाळून वर पेप्सीकोल्याच्या पिशवीची टोपी घातली, रोपं जांभळाखाली सावलीत ठेवली. सतराव्या दिवशी पहिल्या काडीचा डोळा उघडला. टोपीच्या आत घामाचे थेंब आणि त्यातून तांबूस टोक, तांदळाच्या दाण्याएवढं. मी फोटो आत्याला पाठवला, तिने परत फोन करून विचारलं की हाच का, नक्की खोबऱ्याच ना.

आजची स्थिती: नाशिकच्या १६ पैकी ११ फुटल्यात, दोन अजून हिरव्या आहेत पण फुटलेल्या नाहीत, तीन गेल्या. गावच्या दहापैकी आठ फुटल्या. मागच्या वर्षी २४ मधली एकही नव्हती. आत्याने गावच्या आठपैकी एक रोप जुन्या झाडापासून वीस पावलांवर, गोठ्याला त्रास होणार नाही अशा जागी लावायला सांगितलंय, खड्डा भाऊ दिवाळीआधी काढणार. दूरदेशी भाऊ, तुमच्या गोटी आंब्याच्या जातीचं झाड गावात दुसऱ्या कोणाच्या परसात असेल का बघा, बऱ्याचदा असतं, आमच्या शेजारच्या वाडीत विचारलं तर खोबऱ्याची कोय लावलेलं एक झाड निघालं, चव थोडी वेगळी आहे पण आहे.

कोयकलम दादा, आता टोप्या कधी काढू आणि पट्टी कधी सोडू? दोन रोपांना कलमाच्या खालूनही फूट आलीये, ती ठेवायची का?

कोयकलम (लांजा)

फार आनंद झाला, खरंच. खालची फूट लगेच नखाने खुडा, ती रायवळ रोपाची आहे, ठेवली तर तीच जोर धरेल आणि तुमची काडी उपाशी राहील (आत्यांचा शब्द मी पण घेतला). पुन्हा येईल, पुन्हा खुडा. पट्टी दोन-अडीच महिने राहू दे, मग सांधा भरलेला दिसला की मागच्या बाजूने ब्लेडने उभी चीर देऊन सोडा, ओढून नको. विसरलात तर पट्टी सालीत रुतते आणि वाऱ्यात तिथेच मोडतं. त्या दोन हिरव्या काड्यांच्या टोप्यांना हात लावू नका, अजून पंधरा दिवस द्या. ज्या फुटल्यात त्यांच्या टोपीचं फक्त वरचं टोक आज कापा, आणि पूर्ण टोपी पानं थोडी मोठी झाली की काढा, ढगाळ दिवस बघून, संध्याकाळी.